प्रकल्प नोंदी: प्लंबिंग व्यवसायाची सर्च इंजिनशी ओळख

३ फेब्रुवारी २०२५

काम सुरू. व्यवसाय छोटा: गळती शोधणं, पाइपलाइन दुरुस्ती, बाथरूमची नवी फिटिंग. दुकान नाही. वर्कशॉप आहे, पण ग्राहक तिथे येत नाहीत. कारागीर ग्राहकाकडे जातात. तक्रार अशी की "प्लंबर" शोधल्यावर दिसणं तर दूरच, व्यवसायाचं पूर्ण नाव टाकलं तरी आधी लिस्टिंगच्या (व्यवसायांच्या याद्या देणाऱ्या) साइट येतात, मग मिळत्याजुळत्या नावाचे इतर लोक, आणि स्वतःची वेबसाइट येतच नाही.

नाव टाकूनही सापडत नसेल तर रँकिंगकडे (निकालात वरचा क्रमांक मिळवण्याकडे) इतक्यात वळायचं नाही. गूगलने २०१२ साली नॉलेज ग्राफ (व्यक्ती, जागा, व्यवसाय अशा गोष्टींच्या माहितीचा साठा) आणला, तेव्हापासून शब्द जुळवण्याच्या जोडीला "ही नेमकी कोणती गोष्ट आहे" हे ठरवणंही शोधाचा भाग झालं. व्यवसाय ही अशीच एक गोष्ट: नाव, जागा, फोन, कामाचा प्रकार, वेबसाइट. हे तपशील दहा ठिकाणी दहा तऱ्हेने लिहिलेले असतील तर यंत्राला तो एकच धंदा आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून आधी विसंगती काढायच्या, भर घालायचं काम नंतर. मालकांना हे पटायला वेळ लागतो, कारण काढण्याचं काम डोळ्यांना दिसत नाही.

आजचा शोध खासगी विंडोत, लॉगिन न करता: पूर्ण नाव अवतरणचिन्हांत, फक्त फोन नंबर, जुना पत्ता, आणि डोमेनसाठी "साइट:" ऑपरेटर (एकाच वेबसाइटची पानं दाखवणारा शोध). फोन नंबरचा शोध सगळ्यात उपयोगी, कारण नाव कसंही लिहिलेलं असलं तरी नंबरवरून लिस्टिंग सापडतात. नावाची तीन रूपं मिळाली, दोन पत्ते, तीन नंबर. "साइट:" शोधात वेबसाइटचं एकही पान नाही.

४ फेब्रुवारी

मूळ नोंद तयार केली. एक शीट, एकच ओळ. पुढे कुठेही काही भरायचं झालं तर याच ओळीतून कॉपी-पेस्ट. हाताने टाइप करायचं नाही.

नाव: बिलावर, गाडीवर आणि फोन उचलताना जे घेतलं जातं तेच. नोंदणीचं कायदेशीर नाव वेगळं असेल तर त्याची जागा वेगळी आहे, स्ट्रक्चर्ड डेटात (पानात यंत्रासाठी लिहिलेल्या माहितीत) "लीगल-नेम". इथली अडचण अशी की नाव जवळजवळ सगळं धंद्याच्या शब्दांनीच बनलंय. असं नाव टाकलं की इंजिन ते नाव न समजता सेवेची मागणी समजतं आणि सगळेच प्लंबर दाखवतं. नाव बदलणं हा उपाय नाही. उपाय एवढाच की तेच पूर्ण नाव, त्याच शब्दक्रमाने, सगळीकडे यावं. दोन लिप्यांत नाव वापरात असेल तर एक मुख्य आणि दुसरं पर्यायी. दोन्ही एका ओळीत स्लॅश टाकून जोडायची नाहीत.

फोन: देशाच्या कोडसह, एकच. तीनपैकी एक नंबर जुन्या जाहिरातीचा, कॉल-ट्रॅकिंगचा (कोणत्या जाहिरातीवरून फोन आला ते मोजणारा) निघाला. असा नंबर बंद झाला की पुढे दुसऱ्याच कुणाला दिला जातो आणि जुन्या लिस्टिंग त्याच्याकडे बोट दाखवत राहतात. तो सध्या बंद करायचा नाही. सगळ्या लिस्टिंग दुरुस्त होईपर्यंत मालकांनी चालू ठेवायचा आहे.

वेळ: कार्यालयीन वेळ आणि तातडीची सेवा यांत गोंधळ होता. नियम असा ठरला की फोन माणूस उचलतो तीच वेळ. रात्री फोन उत्तर देणाऱ्या यंत्राकडे जात असेल तर ते "२४ तास" नाही.

७ फेब्रुवारी

एकही पान का नाही, याचं कारण सापडलं. साइट तयार होत असताना घातलेला "नो-इंडेक्स" मेटा टॅग (पान इंडेक्समध्ये, म्हणजे इंजिनच्या साठ्यात, घेऊ नका असं सांगणारी खूण) सगळ्या पानांवर तसाच राहिलाय. त्यावर भर म्हणून रोबोट्स फाइलमध्ये (इंजिनांसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) संपूर्ण साइटला "डिसअलाव", म्हणजे मनाई.

ही जोडगोळी नीट समजून घ्यावी. रोबोट्स फाइल पान वाचायला मनाई करते. इंडेक्समध्ये घेऊ नका, असं ती सांगत नाही. बाहेरच्या दुव्यांवरून पानाचा पत्ता कळला तर मनाई असूनही तो नुसता पत्ता, वर्णनाविना, निकालात येऊ शकतो. "नो-इंडेक्स" मात्र पान वाचल्याशिवाय दिसतच नाही. म्हणजे दोन्ही एकत्र असतील तर टॅग काढला तरी इंजिनला ते कळणार नाही, कारण दार बंदच आहे. दोन्ही एकाच वेळी काढले.

काढताना पाहायच्या जागा: थीमची सेटिंग, एसईओ (शोधात दिसण्यासाठीच्या) प्लगइनची सेटिंग, आणि सर्व्हरकडून जाणारा "एक्स-रोबोट्स-टॅग" हेडर. हा तिसरा पानाच्या सोर्समध्ये दिसत नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स हेडर उघडून पाहावा लागतो. इथे तो नव्हता. गूगल रोबोट्स फाइल साधारण २४ तासांपर्यंत कॅशमध्ये ठेवतं, त्यामुळे लगेच तपासून "काही बदललं नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

याच तपासणीत होमपेज चार पत्त्यांवर उघडत असल्याचं दिसलं: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही तीन डब्ल्यूंसह आणि त्यांच्याविना. एक पत्ता ठरवून बाकी तिघांवरून ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण), तोही थेट, एका उडीत. आधी एचटीटीपीएसवर आणि तिथून पुन्हा दुसरीकडे अशी साखळी नको. कॅनॉनिकल टॅगही (पानाचा मुख्य पत्ता कोणता ते सांगणारा) त्याच पत्त्याचा.

१० फेब्रुवारी

सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात) डोमेन प्रॉपर्टी, म्हणजे पूर्ण डोमेनची नोंद, जोडली. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) टीएक्सटी रेकॉर्ड टाकून पडताळणी झाली. डोमेन प्रॉपर्टी घेण्याचं कारण असं की सगळी उपडोमेन आणि दोन्ही प्रोटोकॉल एकत्र दिसतात. पडताळणी झाल्यावर तो रेकॉर्ड काढायचा नाही. काढला की मालकी जाते. खातं मालकांच्या नावाने, आम्ही फक्त वापरकर्ते. एजन्सीच्या खात्यात मालकी ठेवली तर ती तिथेच अडकून पडू शकते.

साइटमॅप (साइटच्या पानांच्या पत्त्यांची यादी) दिला. मर्यादा ५०,००० पत्त्यांची आहे, म्हणजे छोट्या धंद्याला चिंता नाही. चिंता वेगळी असते. साइटमॅपमध्ये रीडायरेक्ट होणारी पानं, टॅगची पानं, फोटोंची अटॅचमेंट पानं भरलेली असतात. ती सगळी काढली. "लास्टमॉड" (शेवटच्या बदलाची) तारीख रोज आपोआप बदलत होती, ती खऱ्या बदलाशी जोडली; खोटी तारीख वारंवार दिली तर इंजिन त्या रकान्याकडे बघणंच सोडतं. साइटमॅप बदलल्याचं गूगलला कळवणारी पिंग सोय २०२३ मध्येच मोडीत निघाली, तरी जुने प्लगइन अजून पिंग करतात. तो पर्याय बंद केला.

१३ फेब्रुवारी

पानांची छाटणी. जुन्या कामात भागागणिक एक पान केलेलं होतं: मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. गूगलच्या स्पॅम धोरणात यांना डोअरवे पानं म्हणतात. ज्या भागात खरोखर वेगळं सांगण्यासारखं आहे (कोणत्या इमारतींत जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आहेत, कुठे पाण्याच्या दाबामुळे जोड सुटतात) ती पानं ठेवली, बाकी सगळी जवळच्या सेवेच्या पानावर ३०१ने नेली. सगळी होमपेजवर ढकलली असती तर गूगल त्यांना सॉफ्ट ४०४ (पान अस्तित्वातच नाही असं) धरू शकतं. रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवायचे.

नव्या रचनेत सेवेगणिक एक पान. गळती शोधणं, बंद पडलेली ड्रेनेज लाइन, गीझरची जोडणी, टाकी ते नळ नवी लाइन. प्रत्येक पानावर काम कसं होतं, कारागीर आल्यावर आधी काय तपासतो, कोणतं काम आपण घेत नाही. शेवटचा मुद्दा बहुतेक धंदे टाळतात, पण प्रकार स्पष्ट होतो तो त्यानेच.

हेडरमधला फोन नंबर फोटोत होता, म्हणजे यंत्राला नाहीच. फूटरमधला स्क्रिप्टने येत होता आणि पानागणिक बदलत होता. दोन्ही जागी साधा मजकूर आणि "टेल" दुवा (दाबला की फोन लागतो असा). फोनवरच्या आवृत्तीत फूटर लपवलेला होता. गूगल आता मोबाइल आवृत्तीच वाचतं, त्यामुळे तोही उघडा केला.

१८ फेब्रुवारी

स्ट्रक्चर्ड डेटा. जेसन-एलडी (यंत्राला वाचता येणारी माहितीची मांडणी) पद्धत, होमपेजवर एकच ब्लॉक.

स्कीमा.ऑर्गची शब्दसंपदा (अशा माहितीत वापरायची ठरलेली नावं) २०११ पासून गूगल, बिंग आणि याहू मिळून चालवतात, पुढे यांडेक्सही आलं. त्यात लोकल-बिझनेसखाली होम-अँड-कन्स्ट्रक्शन-बिझनेस आणि त्याखाली प्लंबर हा नेमका प्रकार आहे. इलेक्ट्रिशियन, लॉकस्मिथ, हाउस-पेंटर, रूफिंग-कॉन्ट्रॅक्टर हेही तिथेच. नेमका प्रकार असताना नुसतं ऑर्गनायझेशन लावणं म्हणजे संधी दवडणं.

साइटवर आधीच दोन ब्लॉक होते. थीमचा ऑर्गनायझेशन, जुन्या नावाचा. प्लगइनचा लोकल-बिझनेस, नव्या नावाचा, पण जुन्या पत्त्याचा. एकाच पानावर दोन वेगळे धंदे जाहीर होत होते आणि कुणालाच कळलं नव्हतं, कारण ब्राउझरमध्ये यातलं काहीच दिसत नाही. दोन्ही बंद करून हाताने लिहिलेला एक टाकला.

त्यातल्या महत्त्वाच्या ओळी:

"अ‍ॅट-आयडी": व्यवसायाची ओळखखूण, म्हणजे होमपेजचा पूर्ण पत्ता आणि पुढे हॅश टाकून एक शब्द. हा कायमचा. सेवेच्या पानांवर "प्रोव्हायडर" म्हणून हाच आयडी द्यायचा, पूर्ण माहिती पुन्हा लिहायची नाही.

"अ‍ॅड्रेस": गूगलच्या लेखी नाव आणि पत्ता हे दोन्ही आवश्यक. पण वर्कशॉपचा पत्ता गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलवर (शोधात आणि मॅप्सवर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीवर) लपवलेला असणार, मग इथे रस्त्यासकट छापणं विसंगत. म्हणून शहर, प्रांत, पिनकोड, देश एवढंच. "जिओ" (नकाशावरचं स्थान) वगळला. ज्या दुकानात ग्राहक येतात तिथे मात्र अक्षांश-रेखांश दशांशाच्या किमान पाच स्थळांपर्यंत द्यावेत. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. दोनच स्थळं दिली तर खूण एक किलोमीटरपर्यंत सरकू शकते.

"एरिया-सर्व्ह्ड": भागांची नावं, प्रोफाइलवर असतील तीच.

"सेम-अ‍ॅज": फक्त याच व्यवसायाबद्दलची पानं. सोशल मीडियाची खाती आणि व्यापारी संघटनेच्या सदस्य यादीतलं स्वतःचं पान चालेल. शहरातल्या सगळ्या प्लंबरांची यादी, पाइप बनवणाऱ्या कंपनीचं होमपेज, ग्राहकाचा लेख हे चालणार नाही. हा गुणधर्म "ते पान आणि मी एकच" असं सांगतो, "आमची ओळख आहे" असं नाही.

"ओपनिंग-अवर्स-स्पेसिफिकेशन": खरंच चोवीस तास असेल तर ००:०० ते २३:५९. इथे तसं नाही.

रेटिंगचे तारे घातले नाहीत. स्वतःच्याच साइटवर स्वतःबद्दलचे रिव्ह्यू मार्कअप केले तर लोकल-बिझनेस आणि ऑर्गनायझेशनसाठी गूगल सप्टेंबर २०१९ पासून तारे दाखवत नाही. अजूनही ते विकणारे लोक आहेत.

याशिवाय होमपेजवरच वेबसाइट प्रकाराचा छोटा ब्लॉक: नाव आणि पर्यायी नाव. निकालात पत्त्याच्या वर दिसणारं साइटचं नाव गूगल इथून उचलू शकतं. हे फक्त डोमेन किंवा उपडोमेनच्या होमपेजवर चालतं, फोल्डरवर नाही.

पहिल्या चाचणीत ब्लॉक वाचलाच गेला नाही. मजकूर वर्ड प्रोसेसरमधून आलेला, त्यामुळे सरळ अवतरणचिन्हं वळणदार झालेली. शिवाय शेवटच्या ओळीनंतर जादा स्वल्पविराम. जेसनमध्ये यातली एकही चूक पूर्ण ब्लॉक निकामी करते. साध्या टेक्स्ट एडिटरमधून पुन्हा टाकला. तपासणी दोन ठिकाणी: स्कीमा.ऑर्गच्या व्हॅलिडेटरवर व्याकरण आणि प्रकार, रिच रिझल्ट चाचणीत गूगलला काय लागतं ते. दुसऱ्यातले पिवळे इशारे ऐच्छिक रकान्यांचे असतात. ते मिटवायला खोटी माहिती भरू नये.

२१ फेब्रुवारी

गूगल बिझनेस प्रोफाइल. नोव्हेंबर २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस. नवीन तयार करण्याआधी मॅप्सवर जुनं आहे का पाहिलं. आहे, जुन्या पत्त्यावर, दुसऱ्याच्या ताब्यात. मालकी मागण्याची विनंती टाकली. तीन दिवस वाट पाहायची.

दरम्यान ठरवलेल्या गोष्टी. नाव मूळ नोंदीतलंच, पुढे "उत्तम प्लंबर २४ तास" वगैरे शेपूट नाही. असं शेपूट काही काळ फायदा देतं हे खरं, पण कुणीही "बदल सुचवा" दाबून तक्रार करू शकतं आणि प्रोफाइल निलंबित झालं की कागदपत्रं जमवत बसावं लागतं. अपील सुरू केल्यावर पुरावे जोडायला ६० मिनिटं मिळतात, म्हणून बिल आणि नोंदणीचे कागद आधीच स्कॅन करून ठेवले.

कॅटेगरी: मुख्य एक, जास्तीच्या नऊपर्यंत. मुख्य "प्लंबर". जास्तीच्या फक्त दोन घेतल्या. कधीमधी केलेल्या कामासाठी कॅटेगरी लावली की मुख्य ओळख पातळ होते.

सेवा-क्षेत्र: जास्तीत जास्त २० भाग, आणि मूळ जागेपासून साधारण दोन तासांच्या गाडीच्या अंतरात. त्रिज्या देता येत नाही, भाग किंवा पिनकोडच द्यावे लागतात. यादी लांबवून दूरच्या भागात वर येता येत नाही. गूगल स्थानिक निकालांसाठी समर्पकता, अंतर आणि ठळकपणा हे तीन घटक सांगतं, आणि यादीने अंतर कमी होत नाही.

वर्णन ७५० अक्षरांपर्यंत. यात वेळ घालवू नये.

३ मार्च

मालकीच्या विनंतीला उत्तर नाही. प्रोफाइल आधीच्या एजन्सीच्या खात्यात अडकलेलं. मुदत उलटल्यावर पडताळणीचा पर्याय उघडला. व्हिडिओ पद्धत आली.

व्हिडिओ फोनवरून, एका सलग शॉटमध्ये, एडिट न करता. क्रम आधी कागदावर लिहून मालकांना दिला: रस्त्याचं नाव किंवा आजूबाजूची ओळखू येणारी खूण, नाव लिहिलेली गाडी, किल्लीने उघडलं जाणारं वर्कशॉपचं शटर, आत थ्रेडिंग मशीन, प्रेशर टेस्ट पंप, पाइपांचा स्टँड, शेवटी नाव असलेलं बिलबुक. शटर उघडण्याचा भाग महत्त्वाचा, कारण "इथला कारभार माझ्याकडे आहे" हे दाखवायचं असतं. चेहरे आणि बँकेचे तपशील येऊ द्यायचे नाहीत. सर्वसाधारण चूक अशी की गाडीवरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव वेगळं निघतं. इथे गाडीवर जुनं नाव होतं, म्हणून आधी स्टिकर बदलला, मग शूटिंग.

१० मार्च

पडताळणी मंजूर. लगेच पत्ता लपवला, सेवा-क्षेत्र भरलं, नंबर बदलला. एका दिवसात सगळे रकाने बदलणं टाळलं; नाव, पत्ता आणि कॅटेगरी एकदम बदलली की पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते.

शोधात आणखी एक डुप्लिकेट निघालं. ते "कायमचं बंद" म्हणून नोंदवायचा मोह होतो. तसं केलं तर नाव शोधणाऱ्याला लाल अक्षरांत "कायमचं बंद" दिसतं आणि चालू धंद्याचे फोन थांबतात. मॅप्सवर "बदल सुचवा"मधून "दुसऱ्या ठिकाणाची डुप्लिकेट नोंद" असं कळवलं.

१४ मार्च

बाकीची ठिकाणं. बिंग प्लेसेसमध्ये गूगल प्रोफाइलवरून थेट आयात. बिंग वेबमास्टरमध्ये सर्च कन्सोलवरून आयात. दोन्ही कामं पटकन होतात. इंडेक्स-नाऊ चालू केलं: ८ ते १२८ चिन्हांची की (ओळखीची किल्ली) असलेली फाइल साइटच्या मुळाशी ठेवायची, पान बदललं की पत्ता कळवला जातो. बिंग आणि यांडेक्स ते घेतात, गूगल घेत नाही. अ‍ॅपल बिझनेस कनेक्टवरही नोंद.

विकिडेटावर (विकिपीडियाशी जोडलेल्या खुल्या माहितीसाठ्यावर) नोंद करावी असा आग्रह झाला. केली नाही. तिथे स्वतंत्र, गंभीर स्रोत नसलेल्या गोष्टींच्या नोंदी हटवल्या जातात.

लिस्टिंगच्या साइट: जिथे लॉगिन मिळालं तिथे दुरुस्ती, जिथे नाही तिथे संपर्क फॉर्म. नवीन शंभर ठिकाणी नोंदी करून देणारी पॅकेजं घेतली नाहीत. जुन्या चुकीच्या नोंदी तशाच ठेवून नव्या वाढवल्या तर विसंगतीच वाढते.

२ एप्रिल

तपासणी. सर्च कन्सोलमध्ये सेवेची पानं इंडेक्समध्ये. भागांच्या ठेवलेल्या पानांपैकी काही "क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही" या रकान्यात. पुन्हा पुन्हा "इंडेक्सिंगची विनंती" दाबून हे सुटत नाही. पान वाचून झालंय आणि ठेवण्याजोगं वाटलेलं नाही. त्यांत कामाचे फोटो आणि त्या भागातल्या नेमक्या अडचणी घालायच्या, नाहीतर तीही सेवेच्या पानांत विलीन करायची.

पूर्ण नाव टाकल्यावर उजवीकडे व्यवसायाचं पॅनेल (माहितीची चौकट) येतं. त्याच्या शेअर दुव्यात आयडी आहे, दोन तिरक्या रेषांमधल्या "जी"ने सुरू होणारा. "एम"ने सुरू होणारे आयडी फ्रीबेस या जुन्या माहितीसाठ्याच्या काळातले. हा आयडी मूळ नोंदीच्या शीटमध्ये लिहून ठेवला: पुढे दुसरं पॅनेल दिसू लागलं तर आयडीवरून लगेच कळेल की जुनंच आहे की नवं डुप्लिकेट.

प्रोफाइलवर रविवारची वेळ कुणीतरी सुचवलेल्या बदलाने पालटलेली. परत दुरुस्त केली. असे बदल येतच राहतात, म्हणून सूचनांचे ईमेल मालकांच्या पत्त्यावर चालू.

रिव्ह्यूबद्दल कारागिरांना सूचना: काम झाल्यावर प्रत्येक ग्राहकाला तोच दुवा पाठवायचा. खूश दिसणाऱ्यांनाच पाठवणं आणि सवलतीच्या बदल्यात मागणं, दोन्ही नियमाविरुद्ध. उत्तर देताना ग्राहकाचा पत्ता किंवा घरातली अडचण उघड करायची नाही.

२५ एप्रिल

हस्तांतर. सगळ्या खात्यांची मालकी मालकांकडे, आमचा प्रवेश व्यवस्थापक म्हणून. ट्रॅकिंगचा जुना नंबर अजून दोन लिस्टिंगवर दिसतो. त्या दुरुस्त झाल्याशिवाय तो बंद करू नये, असं शीटवर लिहिलंय.

फोन किंवा पत्ता बदलला तर क्रम असा: आधी शीट, मग वेबसाइटचा फूटर आणि जेसन-एलडी एकाच दिवशी, मग गूगल प्रोफाइल, मग बिंग आणि अ‍ॅपल, शेवटी लिस्टिंग. बिंगची आयात झालेली नोंद आपोआप बदलेल असं धरून चालायचं नाही, उघडून पाहायची. जुना नंबर नव्यावर वळवून ठेवायचा, आणि महिन्याने तोच जुना नंबर शोधात टाकून कोण अजून दाखवतंय ते पाहायचं.